ढोलीतली बाळंतीण

"वन्सं, दार उघडत नाहीये," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तळहातांना घाम फुटला.

तीस वर्षं प्रसूतिगृहात काढलेली ही बाई. रक्ताला घाबरली नव्हती, डॉक्टरांना तर मुळीच नाही. पण बंद खोलीत तिचा जीव गुदमरायचा. आणि उद्यानातलं हे लपण, म्हणजे लपून पक्षी बघण्यासाठी बांधलेली लाकडी खोली, म्हणायलाच खोली होती. एक बाक, तळ्याच्या बाजूला चार बोटं रुंदीची फट, आणि मागे दार.

"जोर लावा की," नणंदबाई म्हणाल्या.

"बाहेरून अडकवलंय."

"कोणी?"

वसंतातल्या भर दुपारी उद्यानात चिटपाखरू नव्हतं, असं म्हणावं तर पाखरंच तेवढी होती. दोघींनी हाका मारून घसा बसवून घेतला. मेट्रनबाईंनी आधी सरांना फोन लावला. सर म्हणजे पक्षिमंडळाचे प्रमुख. पाच वेळा घंटा वाजून गेली, त्यांनी उचलला नाही. मग मंडळातल्याच फोटोवाल्याला लावला. तो घरून निघून पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात मेट्रनबाईंनी छतावरच्या सगळ्या फळ्या मोजल्या आणि नणंदबाईंनी माहेरच्या सगळ्या तक्रारी सांगून संपवल्या.

"कोयंड्यात ही खुपसली होती," दार उघडत फोटोवाला म्हणाला. त्याच्या हातात पेन्सिलीचा हिरवा तुकडा होता.

मेट्रनबाईंनी तो पर्समध्ये टाकला आणि मोकळ्या हवेत दोन मोठे श्वास घेतले. तेवढ्यात लपणाच्या मागून आरडाओरडा ऐकू आला.

मागे जुनं वडाचं झाड होतं. त्यात धनेश पक्ष्याची ढोली होती. सर दर वर्षी नव्या मंडळींना तिची गोष्ट रंगवून सांगत: मादी ढोलीत शिरते, चिखल आणि विष्ठेने तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते, चोच मावेल एवढी फट ठेवते. आत अंडी घालते, पंखांची पिसं गाळते. नर बाहेरून भरवत राहतो. मेट्रनबाईंनीच त्या ढोलीला बाळंतिणीची खोली हे नाव दिलं होतं.

आज त्या खोलीचं दार फुटलं होतं. लिंपणाचे तुकडे बुंध्याशी पडले होते, खोडाला शिडी टेकली होती, आणि उद्यानाचे अधीक्षक माळ्यावर तोंडसुख घेत होते.

"शिडी कुणाची?"

"माझीच, साहेब. पण मी पलीकडे पाइप जोडत होतो."

"कुणी बघितलं?"

माळ्याने पलीकडच्या अर्धवट जोडलेल्या पाइपाकडे बोट दाखवलं.

"संध्याकाळच्या आत तुझी राहायची खोली रिकामी कर. उद्यापासून येऊ नकोस."

"साहेब, बायकोचे दिवस भरलेत. या अवस्थेत तिला कुठे नेऊ?"

माळ्याच्या बायकोला त्या कालच तपासून आल्या होत्या. आज-उद्याचाच प्रश्न होता.

त्यांनी शिडीवर चढून ढोलीत डोकावलं. दोन उघडीबोडकी पिल्लं चोची वासून बसली होती. आई नव्हती.

खाली उतरल्या तेव्हा सर आले होते, माळ्याची विनवणी उभ्याने ऐकत होते. बाहीची कडा ओली. कापडी पिशवी नेहमीसारखी खांद्यावर नव्हती, दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"कुठे होतात, सर?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"फाटकाजवळच्या बाकावर. डोळा लागला."

त्या फोटोवाल्याकडे वळल्या. "तुला येताना काही दिसलं?"

"एक धनेश या झाडावरून उडाला. चोचीत लाल फळ होतं."

"म्हणजे मादी उडाली," सर लगेच म्हणाले. "आता शोधण्यात अर्थ नाही. नोंद करतो आणि आपण सगळे निघूया. कुणाकडे पेन आहे?"

फोटोवाल्याने खिशातलं पेन पुढे केलं. मेट्रनबाई त्या पेनाकडे बघत राहिल्या.

"साहेब," त्या अधीक्षकांना म्हणाल्या, "माळ्याला थांबवा. बाळंतीण उडून गेली हे मी तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय."

"म्हणजे?"

"आत कोंडलेल्या मादीची पंखांची पिसं गळालेली असतात. ती उडणार कशाने? याने पाहिला तो नर. पिल्लांसाठी फळ घेऊन आला, माणूस बघून परत फिरला. मी हे विसरले असते तर चाललं असतं. पण आम्हाला हे शिकवलं कोणी? सरांनीच. मग ते 'मादी उडाली' का म्हणतील? आम्ही शोधू नये म्हणून."

"मेट्रनबाई, बोलण्याच्या ओघात चूक होते माणसाची," सर म्हणाले.

"होते ना. पण नोंद पेन्सिलीनेच करायची, शाई भिजली की पक्षी वाहून जातो, म्हणून तुम्ही आमच्या हातातून पेनं काढून घेतलीत. आज तुम्हीच पेन मागताय. तुमची ती हिरवी पेन्सिल कुठे गेली?" त्यांनी पर्समधून हिरवा तुकडा काढला. "आमच्या दाराच्या कोयंड्यात. आम्ही मागे येऊन बघू नये म्हणून. आणि बाही ओली आहे ती हात धुतल्यामुळे. लिंपणाचा वास सहजासहजी जात नाही."

"पण मादी आहे कुठे?" अधीक्षकांनी विचारलं.

"एवढी बाळं हातात घेतली मी, साहेब. पिशवी आणि तान्हं धरण्यातला फरक मला कळतो. सर, द्या ती इकडे."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवी मुकाट्याने पुढे केली.

आत टॉवेलात गुंडाळलेली मादी होती. पंख खुरटलेले, छाती धडधडणारी, पण जिवंत.

"पुस्तकाला मुखपृष्ठ हवं होतं," सर पुटपुटले. "आतल्या मादीचा फोटो. लिंपण थोडंसंच उकरणार होतो. ती बाहेर पडली. मी घाबरलो. अंधार पडल्यावर परत ठेवणार होतो."

"आणि तोवर याचं घर गेलं असतं," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांना संताप आवरेना. "ते तुम्ही उभे राहून ऐकलंत!"

अधीक्षकांनी माळ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खोली तुझीच आहे. चुकलो मी." मग सरांकडे वळून म्हणाले, "तुमची तक्रार आजच वर जाईल."

माळी शिडीवर चढला आणि त्याने मादीला अलगद ढोलीत सोडलं. पण माणसं समोर असताना नर येईना. लपायला जागा एकच होती. सहाही जण त्या लपणात शिरले, सरसुद्धा. माळ्याने दाराच्या फळीतली सैल गाठ बोटाने ढकलून पाडली, त्या भोकातून झाड दिसत होतं.

"दार ओढून घे," मेट्रनबाई माळ्याला म्हणाल्या.

"तुम्हाला त्रास होतो ना?"

"होऊ दे."

अंधारात सहा जणांचे श्वास ऐकू येत होते. मेट्रनबाईंनी नणंदेचा हात घट्ट धरला. अर्धा तास गेला. मग पंखांचा जड आवाज झाला. नर ढोलीशी आला आणि लाल फळ पुढे करून थांबला.

आतून चोच आली. तिने फळ घेतलं.

माळी रडू लागला, आणि त्याला कोणी गप्प केलं नाही.

नर गेल्यावरही चोच दिसत राहिली. ढोलीच्या तोंडाशी ती काहीतरी थापत होती. मेट्रनबाई डोळा लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या. बाळंतीण आपलं दार पुन्हा लिंपत होती, स्वतःच्या हाताने, आतून.