आईच्या नावापुढचं अक्षर

विद्यापीठाच्या वाचनालयात धड चालणारा संगणक एकच, आणि त्याच्या खुर्चीवर याळिनीने आणि एका उंच, सावळ्या मुलाने एकदमच हात ठेवला.

"बस तू," तो म्हणाला. "मी पीएचडीचा. वाट बघायचा सराव आहे मला."

एरवी ती खुदकन हसली असती. पण महिनाअखेर आईचं वर्षश्राद्ध होतं. आई गेल्यापासून, मदुराईसारख्या मोगऱ्याच्या गावात राहून, तिने केसांत मोगरासुद्धा माळला नव्हता.

आईने कधीकाळी लिहिलेले लेख शोधायला तिने आईचं नाव टाकलं : त. पूंगोदै. 'त' म्हणजे तंगवेल, याळिनीचे अप्पा; तमिळ रिवाजात बाईच्या नावापुढे लग्नाआधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं पहिलं अक्षर लागतं. एकही लेख नाही. म्हणजे अत्तै, अप्पांची बहीण, म्हणायची ते खरंच की काय... "तू झालीस आणि तुझ्या आईची लेखणी सुटली." लहानपणापासून ते वाक्य याळिनीच्या मानगुटीवर बसलं होतं.

तो मागून वाचत होताच. नाव इनियन. "आईच्या वडिलांचं अक्षर लावून बघ ना. नवऱ्यांच्या अक्षराखाली शोधलं तर आपल्याकडच्या निम्म्या बायका हरवतील."

मु. पूंगोदै. खाडीतल्या झाडांवरचे लेख भराभर वर आले — सगळे याळिनीच्या जन्माआधीचे. त्यानंतर काहीच नाही. ती उठलीच.

"थांब की. अक्षरच काढून टाक. उद्या ये, दोघं मिळून शोधू."

मग रोज संध्याकाळी दोघं एका खुर्चीला टेकून जगभरच्या पूंगोदै चाळू लागले. कुणी पूल बांधणारी, कुणी दातांची डॉक्टर.

"तुझी आई दात उपटायची?"

"नाही. पण मी उपटेन तुझे."

किती दिवसांनी ती अशी बोलली होती...

आणि एके दिवशी — या. पूंगोदै. खाऱ्या विहिरी, मुलांची बडबडगीतं, आणि शेवटी मर्तिकाला बायका गातात ती विलापगीतं. प्रत्येक लेखाखाली पत्ता याळिनीच्याच घराचा. पण 'या' कोण? ना आजोबा, ना अप्पा.

"या... याळिनी," इनियन हळूच म्हणाला.

शेवटचा लेख इस्पितळातला. शेजारच्या खाटांवरच्या म्हाताऱ्यांकडून आई गाणी म्हणवून घ्यायची. याळिनीला वाटायचं, वेळ जात नाही म्हणून.

तिने टेबलावर डोकं टेकलं. पडदा काळा होऊ नये म्हणून इनियन तेवढा अधूनमधून माउस हलवत राहिला.

श्राद्धाच्या दिवशी तो ते सगळे लेख छापून घेऊन आला. आईच्या फोटोसमोर बसून याळिनीने विलापगीतांचा लेख वाचला, सुरुवातीला नाव, अक्षरासकट. अत्तै ऐकत राहिली. मग पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

जिन्यात इनियन चप्पल शोधत रेंगाळला.

"माझा पहिला लेख छापायचाय. नावापुढे... तुझं अक्षर लावलं तर?"

त्याचे कान लाल झाले होते. याळिनी त्या लाल कानांकडेच बघत होती.

"लाव," ती म्हणाली. "पण लेख चांगला लिही. त्या अक्षरात माझी आई आहे."