पहिला गड्डा

जयराजनं गड्डा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवला, वर ओला रुमाल टाकला आणि डबा पिशवीत घालून मोटारसायकलच्या हँडलला अडकवला. शनिवारची संध्याकाळ होती. औंधच्या पुढं शेतं संपून पवनचक्क्यांचा माळ लागतो, तिथं नव्यानं झालेल्या गोल्फ मैदानाचा तो सुपरिटेंडेंट. आठवड्यातून एकदा पलूसला घरी जायचा. दर खेपेला लेकीसाठी खाऊ न्यायचा, या खेपेला माती घेऊन निघाला होता.

आता माती कशाला, ते सांगायला हवं. गोल्फच्या मैदानात ज्या हिरवळीवर भोक आणि झेंडा असतो, तिला ग्रीन म्हणतात. ते भोक रोज पहाटे जागा बदलतं, नाहीतर पायांखाली एकाच जागचं गवत मरून जाईल. पोलादी नळीनं नव्या जागी भोक पाडायचं आणि त्यातनं गवतासकट निघालेला मातीचा गोल गड्डा कालच्या भोकात बसवायचा. एक उघडलं की एक मिटतं. पण कोऱ्या करकरीत ग्रीनवर पहिलंच भोक पाडलं, तर मिटवायला जुनं भोक नसतं. तो पहिला गड्डा उरतो.

जयराजला हे काम लष्करात असताना सुभेदार नाथाजींनी शिकवलं होतं. त्यांची एक रीत होती. पहिला गड्डा फेकायचा नाही, घरी नेऊन कुंडीत लावायचा, म्हणजे नोकरी हिरवी राहते. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं आता ठिकठिकाणची मैदानं सांभाळत होती, आणि त्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. कुणाच्या गवताला बुरशी आली की ग्रुपवर फोटो पडायचा, आणि दिवसभर साहेब लोकांची बोलणी खाल्लेली मंडळी रात्री एकमेकांना औषधं सुचवायची. घरच्या कुंड्यांचेही फोटो असायचे. जयराजची कुंडी तेवढी राहिली होती, आणि आता सातव्या ग्रीनचा गड्डा त्याच्या हाती आला होता. पुढच्या रविवारी मैदानाचं उद्घाटन होतं, तोवर हे भोक हलवायचं नव्हतं.

फाटकावर बिराप्पा बसला होता. हा धनगर म्हातारा मैदान व्हायच्या आधी याच माळावर मेंढरं राखायचा, आता पाणी मारायच्या कामावर होता.

"सायेब, माती कुठं चालवली?"

"घरी. कुंडीत लावायला."

"हितली हितंच ऱ्हाऊ द्या की." म्हाताऱ्यानं मान खाजवली. "आमी मेंढरांचा वाडा हलिवला की वाघरीच्या, त्या भवतीच्या जाळीच्या, मेखा उपसायचो. ज्या भोकातली माती त्याच भोकात घालून बुजवायची, मगच मेंढरं हाकायची. ह्या माळावर तर लय जपून."

"का पण, तात्या?"

"का ते आमच्या बाला बी ठावं नव्हतं. बुजवायची म्हंजी बुजवायची."

जयराज हसला. "तात्या, भोक बुजवलं तर सायबांनी चेंडू काय खिशात घालायचा?" बिराप्पाही थोडा हसला आणि त्यानं फाटक उघडलं.

रविवारी पलूसच्या घरी तुळशीशेजारच्या कुंडीत गड्डा लावला. चार वर्षांची सोनम कोपरापर्यंत चिखलानं माखली होती आणि कुंडी सोडायला तयार नव्हती. जयराजनं तिचा आणि कुंडीचा फोटो ग्रुपवर टाकला. त्याचा लष्करातला दोस्त अर्जुना, तोही आता एका मैदानाचा सुपरिटेंडेंट, त्यानं लगेच लिहिलं, 'पोरगी बापापेक्षा हुशार दिसते, तिलाच नोकरीवर घ्या.'

मंगळवारी पहाटे जयराज सातव्या ग्रीनवर आला आणि उभाच राहिला. ग्रीनवर दव होतं. दवावर सगळं उमटतं, ससा गेला तरी त्याची वाट दिसते. त्या पहाटे दवावर रेघसुद्धा नव्हती. झेंडा मात्र आडवा पडला होता आणि भोक नव्हतं. कुणीतरी ते इतकं सफाईनं बुजवलं होतं, की जोड शोधायला त्याला बोटं फिरवावी लागली.

त्यानं नळी घालून गड्डा उपसला. माळाची माती तांबडी, मुरमाड. ही काळीभोर होती आणि तिच्यात उसाच्या मुळ्या होत्या. त्यानं फोटो ग्रुपवर टाकला. 'रात्री जास्त झाली असंल गड्या,' अर्जुनानं लिहिलं. बिराप्पाला विचारलं, तर म्हाताऱ्यानं हात जोडले.

"म्या? सायेब, दिस मावळला की म्या त्या अंगाला बघत बी न्हाई."

दुपारी घरून फोन आला. बायको, संयोगिता, सांगत होती की धाकट्या दिराचा, शंभूराजचा, पाय उसात मुरगळला. "सरीत भोक पडलंय म्हनं. गोल. नळी घालून काढल्यावानी."

जयराजनं फोन ठेवला. इथं गड्डा बसला, म्हणजे कुठंतरी भोक उघडलं. हे कुठल्याही सुपरिटेंडेंटला समजावून सांगावं लागत नाही. पण त्यानं स्वतःलाच वेड्यात काढलं आणि संध्याकाळी भोकावर एक चपटा दगड ठेवून दिला.

बुधवारी पहाटे दगड बाजूला होता, दवावर तसाच कोरडा. भोकात बसलेल्या गड्ड्यावर गवत नव्हतंच. शेणानं सारवलेली जमीन होती, आणि तिच्यावर रांगोळीची पांढरी रेघ.

ती रेघ कुणाच्या हातची, ते त्याला कळलं. त्यानं घाईनं फोन लावला.

"व्हय, अंगनात भोक पडलंय," संयोगिता म्हणाली. "तुळशीपाशी. घूस असंल. तुमाला कुनी सांगितलं?"

"कुंडी नीट आहे ना?"

"हाय की. सोनम रोज पानी घालती."

त्याच वेळी निघायला हवं होतं. पण उद्घाटनाचे पाहुणे मैदान बघायला येणार होते, मालक सकाळपासून त्याच्या मागं लागला होता. उद्या जाऊ, असं तो म्हणाला. त्या एका शब्दाबद्दल त्यानं पुढं स्वतःला किती शिव्या घातल्या, त्याला सुमार नाही.

गुरुवारी पहाटे धुकं एवढं पडलं, की हातातली नळी दिसेना. पवनचक्क्या थांबल्या होत्या. रोज त्यांचा घुमणारा आवाज असायचा, तो नव्हता, आणि माळ कान देऊन ऐकत बसल्यासारखा वाटत होता. ओल्या लोकरीचा वास येत होता. मैदान झाल्यापासून तिथं मेंढरू फिरकलं नव्हतं.

झेंडा आडवा. भोक भरलेलं. त्यानं हात लावला आणि झटकन मागं घेतला. ते मऊ होतं, आणि ऊबदार.

नळीची गरजच लागली नाही. बोटांनी उचलला तसा तो गड्डा वर आला. कापडाचे थर, एकावर एक, गोल कापलेले. वरचा तुकडा हिरवा, बारीक चौकड्यांचा. त्याच्या आईचं, अंबूबाईचं लुगडं होतं ते. आई गेल्यावर संयोगितानं त्याची गोधडी शिवली होती. त्या गोधडीवर सोनम निजायची.

तो गुडघ्यांवर बसला. भोकातून आवाज येत होता. एक श्वास. आत जायचा, बाहेर यायचा, आणि बाहेर येताना नाकात बारीक शिट्टी वाजायची. सर्दी झाली की सोनमची वाजते तशी.

त्यानं घरी फोन लावला.

"संयोगिता... सोनम कुठाय?"

"हितं निजलीया. का वो, येवढ्या पहाटंचं?"

"फोन... तिच्यापाशी धर."

फोनमधून श्वास आला, तीच शिट्टी. मग ती खोकली. फोनमध्ये खोकली, आणि भोकातही खोकली. भोकातला खोकला आधी ऐकू आला.

"उचल तिला," जयराज कुजबुजला. का कुजबुजतोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. "जमिनीवरनं उचल. मांडीवर घे... मी येईपर्यंत खाली ठेवू नको."

"आवं, पर झालंय काय?"

"ठेवू नको म्हटलं ना..."

फोनमध्ये बांगड्या वाजल्या, सोनम झोपेत कुरकुरली. भोकातला श्वास थांबला. क्षणभर काहीच नाही. मग खालून, अंधारात रिकामं अंथरूण कुणी हातानं चाचपडावं, तसा कापडावरून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. सावकाश. एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला.

जयराज पलूसला कसा पोचला ते त्याला नंतरही आठवलं नाही. संयोगिता पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती, तिचे हात बधिर झाले होते. अंगणात एक भोक, आतल्या फरशीला एक, त्याच्यावरच्या गोधडीला एक. त्यानं काही सांगितलं नाही. सोनमला कॉटवर बसवलं, कुंडी उपडी केली, झाडून पुसून सगळी माती गवतासकट डब्यात भरली आणि तसाच माघारी फिरला.

माळावर पोचेस्तोवर दिवस कलला होता. बिराप्पा न बोलवता मागोमाग आला आणि पागोटं काढून उभा राहिला. जयराजनं गड्डा भोकात बसवला. बसवला म्हणजे काय, भोकानं तो घेतलाच. पाती पातीत मिसळली, जोड दिसेनासा झाला. पवनचक्क्या पुन्हा घुमायला लागल्या. जयराजला रडू आलं आणि त्यानं ते लपवलंही नाही.

मग त्यानं सवयीनं तळवा फिरवला. गड्डा बोटभर खाली बसला होता.

त्यानं डबा झटकला. रिकामा होता. घरी फोन लावून त्यानं स्पीकर चालू केला.

"कुंडीत काही राहिलं का गं?"

"न्हाई वो. तुमीच तर पुसून न्हेलीसा."

"मग माती कमी कशी?"

"सोनमनं खाल्ली असंल," संयोगिता थोडी हसली. "लावली त्याच दिशी तोंड भरल्यालं हुतं तिचं. पोरं खात्यातच की माती."

बिराप्पानं ते ऐकलं. त्यानं पागोटं डोक्यावर ठेवलं आणि ग्रीनला लांबून वळसा घालून तो निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही.

भोकं पडायची थांबली. उद्घाटनही पार पडलं, आणि जयराजनं नोकरी सोडली. इस्लामपूरला त्यानं झाडांची नर्सरी टाकली, वर राहायला घर घेतलं. सोनमला तो कधी जमिनीवर निजू देत नाही. संयोगिता चिडते, पण तो ऐकत नाही. भीती वाटते त्याला. तीन-चार वर्षं झाली तरी वाटते.

ग्रुप मात्र त्यानं सोडला नव्हता. त्याच्या जागी आलेला राजवर्धन, चांगला शिकलेला पोरगा, तोही ग्रुपवर होता. आल्या आल्याच त्यानं विचारलं होतं, 'सातव्या ग्रीनवर एक जागा बसते. वाळू भरली तरी पुन्हा बसते. काय करू?' फोटोत बशीएवढा खळगा होता. कुणी वाळवी म्हणालं, कुणी फुटका पाइप. पुढच्या वर्षी तो परातीएवढा झाला. नंतर लांबट होत गेला. जयराज ते फोटो बघायचा आणि पुसून टाकायचा.

परवा सोनम सायकलवरून पडली. काल संध्याकाळी डॉक्टरांनी उजव्या हाताला खांद्यापासून प्लास्टर घातलं. हात वाकवता येईना, म्हणून रात्री पोरगी डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, उजवा हात समोर काठीसारखा ताठ ठेवून निजली. जयराज उशाशी बराच वेळ बसून होता.

सकाळी नर्सरीचं दार उघडताना फोन वाजला. राजवर्धनचा फोटो होता, शिडीवर चढून काढलेला. ग्रीनवर दव, आणि दवात तो खळगा, आता चांगलाच मोठा. एका अंगाला गोल. मधे वाकलेला, खाली दुमडलेला. आणि समोर एक सरळ, ताठ चर गेलेला.

'हा चर रात्रीतनं नवीन पडलाय,' राजवर्धननं लिहिलं होतं. 'आज उकरूनच बघतो.'

'बघच एकदा खणून,' अर्जुनानं खाली लिहिलं होतं. 'पाइपच असणार.'

जयराजनं राजवर्धनला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. त्यानं पुन्हा लावला. मधेच ग्रुपवर राजवर्धनचं आणखी एक वाक्य आलं.

'पहार घातली. माती फारच मऊ लागतेय.'

वरच्या खोलीतून सोनमचा झोपाळू आवाज आला.

"बाबा... पाठीत कोण टोचतंय मला?"