काका की भिंगरी

"काकाला द्या आणि भिंगरीला आणा! यात विचार कसला करायचा?" रेडिओवरचा माणूस तावातावाने ओरडला. मी हातातली फ्रेम खाली ठेवली आणि त्याला म्हणाले, "तुझ्या घरचं काय जातंय रे?"

"रेडिओला ऐकू येत नाही," दारातून कोणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं, तर एक उंच, किडकिडीत माणूस. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात त्याच चष्म्याची दांडी. डोळे बारीक करून तो माझ्याकडे... नाही, माझ्या शेजारच्या आरशाकडे बघत होता.

"मी इकडे आहे," मी म्हणाले.

"हो का? मग तिकडे कोण आहे?"

"तिकडेही मीच आहे. आरशात."

"मग बरोबरच बघत होतो."

मावशी गल्ल्यामागे फिस्सकन हसली. दुकान मावशीचं, डोळे तपासायचं काम माझं.

"काय झालं चष्म्याला?"

"बसलो त्याच्यावर," तो ओशाळून म्हणाला. तेव्हापासून मावशीच्या तोंडी त्याचं नाव 'बसणारा' असंच पडलं.

त्या दिवशी अख्ख्या शहराला एकच विषय होता. आमच्या बास्केटबॉल संघाचा गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन पुढे येणारा आणि बाकीच्या चौघांना खेळवणारा गडी, चौतीस वर्षांचा झाला होता. सगळे त्याला काका म्हणायचे. समुद्राकाठच्या संघाकडे तेवीस वर्षांचा एक गार्ड होता, भिंगरी. नावाप्रमाणेच. या दोघांची अदलाबदल होणार, अशी कुणकुण लागली होती. मुदत होती अठरा दिवसांनंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. आणि मी शाळेत होते तेव्हापासून, अकरा वर्षं, काकाचा एकही सामना सोडला नव्हता.

बसणाऱ्याला खुर्चीत बसवलं, दिवा मालवला, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली. "समोर बघा. हे स्पष्ट, की... हे?"

"दुसरं. काका की भिंगरी?"

"काका. आता हे, की हे?"

"पहिलं. काका का?"

"कारण भिंगरी स्वतः धावतो, काका दुसऱ्यांना धावायला लावतो. हलू नका... हे की हे?"

"दोन्ही सारखीच." तो थोडा थांबला. "पण काकाचे पाय आता थकलेत. शेवटच्या दहा मिनिटांत त्याचा माणूस त्याला चकवून जातो. गेल्या सहा सामन्यांत चौदा वेळा."

"तुम्ही मोजता?"

"सवय आहे."

त्याच्या डोळ्यांत उजेड टाकून मी वाकून बघत होते. चेहऱ्यावर त्याचा श्वास लागत होता. रोज वीस माणसांचे श्वास लागतात, कधी लक्षात येत नाही. त्या दिवशी आलं.

"करता काय तुम्ही? डोळे फार शिणलेत."

"व्हिडिओ कापतो."

"लग्नाचे असणार," मी म्हणूनही टाकलं. त्यानेही ते तसंच राहू दिलं.

चष्मा दुसऱ्या दिवशी नेला. तिसऱ्या दिवशी तो नाकावर टोचायला लागला. पाचव्या दिवशी घसरायला लागला. सहाव्या दिवशी "पुसायचं कापड हरवलं". मावशीने त्याच्यापुढे अख्खा गठ्ठाच टाकला. "घ्या, महिनाभर पुरतील. की रोज यायचंय?"

"रोज यायचंय," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मग दुकान बंद केल्यावर आम्ही बसस्टॉपपर्यंत चालत जायला लागलो. दहा मिनिटांचा रस्ता चाळीस मिनिटं पुरवायचो. सगळं भांडण काका आणि भिंगरीवरून. तो म्हणायचा, संघ प्रेमावर चालत नाही. मी म्हणायचे, मग कशावर चालतो, तुमच्या आकड्यांवर? दुकानात मावशी त्याच्या बाजूने. तिला आकड्यांतलं काही कळत नव्हतं. भिंगरीचे केस आवडायचे.

"रविवारी सामन्याला येता?" मी एकदा धीर करून विचारलं.

"सामन्याच्या वेळी... मला काम असतं."

लग्नं रविवारीच असतात. मी स्वतःची समजूत घातली. पण त्या रविवारी शेजारची रिकामी खुर्ची मला स्वस्थ बसू देईना. काकाने बारा पास दिले आणि मला एकही आठवेना.

मुदतीला चार दिवस उरले असताना बसस्टॉपच्या पत्र्याखाली उभं राहून मी त्याला मोबाइलवर काकाचा खेळ दाखवत होते. "बघा, म्हातारा झाला म्हणता ना? अजूनही केवढा... थांबा." मी तो तुकडा पुन्हा लावला. "हे नवीन आहे. डावीकडून चेंडू आला की तो अख्खी मान वळवतोय. पूर्वी नुसती नजर फिरायची."

"पुन्हा दाखवा." त्याचा आवाज बदलला होता.

चार वेळा पाहिलं. बस आली, गेली. निघताना फक्त म्हणाला, "तुमची नजर... फार चांगली आहे."

आणि मग आलाच नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, गुरुवारी नाही. दाराची घंटा वाजली की माझी मान उंच व्हायची. एका आजोबांचे डोळे मी दोनदा तपासले. त्यांनी बिचाऱ्यांनी दोन्ही वेळा तीच अक्षरं मुकाट वाचून दाखवली.

शुक्रवारी सकाळी मावशीने वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं. पहिल्याच पानावर होतं: अदलाबदल ठरली, आज पाचच्या आत सह्या. खाली संघाच्या बैठकीचा फोटो. व्यवस्थापकाच्या मागे, संघाचं जाकीट घातलेला, माझ्या हातचा चष्मा लावलेला... 'व्हिडिओ विश्लेषक'.

"हा तर आपला बसणारा," मावशी हळूच म्हणाली.

मी काकाची कमजोरी ज्याच्या हाती दिली होती, तोच काकाला विकणारा निघाला!

दुपारी बारा वाजता घंटा वाजली. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. तो.

"बाहेर हो," मी म्हणाले. रागाच्या भरात 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. "माझ्याकडून काढून घेतलंस ना? लिहिलंस अहवालात? झालं ना काम?"

"लिहिलं नाही. ऐकून घे."

"लग्नाचे व्हिडिओ म्हणे!"

"ते तू म्हणालीस. मी खोडलं नाही, ते चुकलं. माझ्याशी सगळे अहवाल मागायलाच बोलतात गं. तू नुसतं भांडायचीस. ते जाईल, म्हणून गप्प बसलो." त्याने खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "तू दाखवलंस तसे अकरा तुकडे सापडले. सगळे गेल्या पाच आठवड्यांतले. काल व्यवस्थापकांना दाखवले. म्हणाले, उद्या पाचनंतर तो समुद्राकाठच्यांचा खेळाडू, बघतील ते. तोवर तोंड बंद ठेव."

"आणि तू?"

"ठेवलं," तो खाली बघत म्हणाला. "कालपासून ठेवलंय."

मी ते अकरा तुकडे पाहिले. पहिल्याच तुकड्यात कोणाचं तरी कोपर काकाच्या डाव्या डोळ्यावर बसत होतं. त्यानंतरच्या प्रत्येक तुकड्यात मान वळत होती. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"हे वयाचं नाहीये. डोळ्याच्या आतला पडदा सुटत असणार. वेळेत धरला तर वाचतो. उद्या पुन्हा एक कोपर बसलं, तर तो डोळा गेला."

"तुला खात्री आहे?"

"तपासल्याशिवाय कशी असेल? त्याला इथे बोलाव. आत्ता."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

तो उठला, दुकानात तीन येरझाऱ्या घातल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग फोन लावला.

दीड वाजता काका आमच्या दुकानात आला. दारातून वाकूनच यावं लागलं त्याला. अकरा वर्षं ज्याला मी वरच्या गॅलरीतून अंगठ्याएवढा बघत आले, तो माझ्या खुर्चीत गुडघे दुमडून बसला होता. मावशी पाण्याचा ग्लास घेऊन नुसतीच उभी.

"उजवा डोळा झाका. माझ्या नाकाकडे बघा. बोट दिसलं की सांगा." मी डावीकडून बोट हळूहळू आत आणायला लागले. कानाच्या रेषेत. गालाच्या रेषेत. काका गप्प. बोट जवळजवळ त्याच्या डोळ्यासमोर आलं.

"आता दिसलं," तो म्हणाला. आणि माझा चेहरा बघून हळूच विचारलं, "लवकर दिसायला हवं होतं ना, बाळ?"

मी मान हलवली.

"महिना झाला. कडेला सावली येते. बोललो असतो तर सगळे म्हणाले असते, संपला. म्हणून..." त्याने वाक्य सोडून दिलं.

तीन वाजता आम्ही डोळ्यांच्या इस्पितळात होतो. माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी काकाला तपासलं आणि सरळ शस्त्रक्रियेला घेतलं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. त्याचा गुडघा सारखा हलत होता, माझी बोटं ओढणीचं टोक पिळत होती. पाचला दहा मिनिटं असताना त्याचा फोन वाजला. "हो... हो, मीच नेलं. बरं."

"काय?"

"खेळाडू शस्त्रक्रियेत आहे म्हटल्यावर समुद्राकाठच्या संघाने सही केली नाही. अदलाबदल मोडली." तो कसनुसा हसला. "माझी नोकरी पण. ओळखपत्र सोमवारी परत द्यायचंय."

मग मीच म्हणाले, "तीन दिवस आला नाहीस. पुन्हा असं करू नकोस. कारण... मला दुसऱ्या कोणाशी भांडावंसंच वाटत नाही."

तो वळला. गुडघा हलायचा थांबला.

"मी रोज कोपऱ्यापर्यंत येत होतो," तो म्हणाला. "दिवे दिसायचे. तू दिसायचीस. आणि परत फिरायचो. तुझ्यासमोर बसून खोटं बोलणं मला... जमत नव्हतं. मला तू फार आवडतेस. हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, पण तेव्हा मी आरशाकडे बघत होतो."

मला हसू आलं आणि रडूही. मी त्याचा हात धरला. गार होता.

साडेसहाला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. डोळा वाचला होता. खेळायचं पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या.

बसस्टॉपवर संघाचं जाकीट घातलेला एक माणूस एकटाच चडफडत होता. "मोडली म्हणे! ऐन वेळी! कोण गाढवं बसलीत तिथे?" त्याने आमच्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हीच सांगा, काका की भिंगरी? तुम्हाला काय वाटतं?"

काका चांगला की दुसरा कोणी, या प्रश्नावर अकरा वर्षांत मी अर्ध्या तासाच्या आत कधी थांबले नव्हते.

"मला आज काहीच वाटत नाहीये हो," मी म्हणाले.

शेजारी उभ्या असलेल्याने माझी बोटं घट्ट दाबली. त्याला ठाऊक होतं, मी किती मोठं खोटं बोलत होते ते.