वापरकर्ता उरलेला नाही

नागपुरात, नंदनवन वस्तीतल्या घराच्या वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून असलेल्या खोलीत नंदिनी गजभिये काम करायची. ती नेमकं काय करते हे शेजारच्या बायांना तिला कधी धड सांगता आलं नव्हतं. बाया समजायच्या, कम्प्युटर दुरुस्त करते. ते फारसं चूकही नव्हतं.

कम्प्युटरच्या कार्यप्रणालीचा जो गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. त्यातला वेळेचा भाग नंदिनीकडे होता. यंत्राला आपण होऊन वेळ कळत नाही. आतली एक चिप ठरावीक अंतराने त्याला टोचते, ऊठ म्हणते, आणि त्या टोचणीवर सगळा गाडा चालतो. या टोचणीला इंटरप्ट म्हणतात. दर चिपेची टोचायची रीत वेगळी, म्हणून प्रत्येकीसाठी वेगळा कोड लिहावा लागतो. चिपा जुन्या होतात, बाजारातून जातात, कोड मात्र कर्नलमध्ये पडून राहतो. मग कोणाला तरी तो काढावा लागतो.

त्या उन्हाळ्यात काढायचा होता तो कोड नंदिनीनेच लिहिलेला होता. पहिल्या नोकरीत, हिंगण्याच्या एका लहानशा कारखान्यात. कारखाना केव्हाच बुडाला होता. ती चिप बनवणारी कंपनीही राहिली नव्हती. रिवाजाप्रमाणे तिने जगभरच्या कर्नलवाल्यांच्या मेल-यादीवर विचारलं की हे कोणी अजून वापरतं का. कोणाचं उत्तर आलं नाही. तिचा वरिष्ठ ऋषिकेश याने त्या कारखान्याच्या जुन्या गिऱ्हाइकांनाही एकेक मेल टाकला.

आणि एका सकाळी तिला फोन आला.

"नंदिनीबाई बोलून राहिल्या का? मी कन्हानहून वामनराव झाडे. तुमचा नंबर हिंगण्याच्या जुन्या मालकानं देला. आमच्या पंपाची मशीन चालू केली का पहिले तुमचंच नाव येते पडद्यावर."

"हो काका, बोला ना."

"खाणीचे साहेब म्हणत होते, त्या मशीनचं घड्याळ बंद होऊन राहिलं म्हणून. काहून बंद करता बाई? आमी वापरून राहिलो ना."

ती समजावू लागली की जुन्या मशीनला काही होणार नाही, फक्त नव्या कर्नलमध्ये तो कोड नसेल. पलीकडचा माणूस शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "एकदा येऊन पाहून जा. मंग करा काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी ती स्कूटीवरून निघाली. मे महिना होता. कामठी मागे पडली, कन्हानचा पूल ओलांडला, आणि रस्त्यावर चिटपाखरू उरलं नाही. दुपारच्या त्या पांढऱ्या उन्हात झाडांच्या सावल्यासुद्धा खोडाशी गोळा होऊन बसल्या होत्या. फाट्याच्या आत, बाभळींच्या रानात, बंद पडलेली कोळशाची खाण होती. एका खासगी कंपनीची. खाणीचं तोंड काँक्रीटने बुजवलेलं, वर तारांचं कुंपण. त्याच्याजवळच पत्र्याचं पंपघर. जमिनीतून वर आलेला मांडीएवढा जाड लोखंडी पाइप भिंतीतून बाहेर नाल्याकडे गेला होता.

वामनराव दारातच उभे होते. वाळलेले, पांढरी बंडी, डोक्याला ओला दुपट्टा. त्यांच्या मागे एक म्हातारी पोत्यावर बसून भाजी निवडत होती.

"हे आमची मंडळी, सिंधू," ते म्हणाले. "दुपारचा डबा घेऊन येते."

भिंतीवर हिरवट पेटीत नंदिनीची चिप होती. या बंद खाणीतलं पाणी शेजारच्या चालू खाणीत झिरपू नये म्हणून हा पंप ठेवला होता. चिप वेळ मोजायची, वेळ झाली की खट्ट असा आवाज व्हायचा आणि पंप घरघरत सुरू व्हायचा. काही वेळाने पुन्हा खट्ट, आणि बंद. इतकंच. तिला उगाच भरून आलं. इतकी वर्षं, कोणी न विचारता, हे चाललं होतं.

पंप थांबला. त्यापाठोपाठ पाइपातून खोल आवाज आला.

ठण्ण.

सिंधूताईने भाजी खाली ठेवली.

"हे काय?" नंदिनीने विचारलं.

"मानसं आहेत खाली," वामनराव म्हणाले. ऊन फार आहे म्हणावं, तसं म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. खाण चालू होती तेव्हा एका पाळीत जुन्या गॅलरीतून, म्हणजे सोडून दिलेल्या बोगद्यातून, पाणी फुटलं. काही जण वर आले, काही अडकले. त्यांचा मुलगा अंकुश अडकला. वरच्या लोकांना पाइपावर ठोके ऐकू आले होते. कंपनीने तज्ज्ञ आणले. पंप थांबला की पाण्याचा स्तंभ मागे पडतो आणि पाइपाला धक्का बसतो, असं तज्ज्ञांनी लिहून दिलं. खाली कोणी जिवंत नाही, असंही लिहिलं. आणि तोंड बुजवलं.

"धक्काच असतो काका तो," नंदिनी बोलून गेली. "पाण्याचा धक्का. सगळ्याच मोठ्या पाइपांत..."

ती मध्येच थांबली. म्हातारी तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. हे वाक्य तिने पुष्कळ शिकलेल्या तोंडांतून ऐकलेलं होतं, एवढंच.

नंदिनीने लॅपटॉप काढला आणि पेटीला जोडला. चिपेची प्रत्येक टोचणी आता पडद्यावर दिसत होती. पंप आपल्या हाताने बंद केला, नाल्याकडचा व्हॉल्व्हही बंद केला, आणि पाइपातलं पाणी पार स्थिर होऊ दिलं. धक्का द्यायला काही हलतच नव्हतं. पत्रा उन्हाने तडतडत होता, तेवढाच आवाज.

मग पडद्यावर टोचणी उमटली, आणि तिच्या अगदी बरोबर खालून आलं... ठण्ण.

पुढची टोचणी. ठण्ण.

योगायोग म्हणावा, म्हणून तिने चिपेचं अंतर बदललं. वेडंवाकडं केलं. कुठल्याही पंपाला, कुठल्याही पाण्याला ते आधी ठाऊक असायचं कारण नव्हतं. ठोका लगेच नव्या अंतरावर आला. आणि पुढल्या वेळी... ठोका आधी आला. टोचणी नंतर.

"ते वाट पाहतात ना," वामनराव हळूच म्हणाले. "पाणी कवा उपसन म्हून. अंधारात दुसरं काय मोजाव मानसानं?"

सिंधूताई उठली. डब्यातला चमचा घेऊन पाइपाजवळ गेली, आणि दारावर टकटक करावी तसं हलकेच पाइपावर वाजवलं. "जेवाची वेळ झाली बाबू," ती म्हणाली. पाइपाच्या डोक्यावर हवा जायला एक लहानशी तोटी होती, तिच्यातून थंड हवेचा झोत आला. नंदिनी अगदी जवळ होती. त्या हवेत ओल्या कोळशाचा वास होता, आणि त्यात मिसळलेला, नुकत्याच घोटलेल्या खर्र्याचा, सुपारी-तंबाखूचा.

ती घरी कशी आली हे तिला आठवत नव्हतं.

त्या आठवड्यात तिने यादीवर लिहिलं की वापरकर्ता आहे, कोड ठेवावा. कर्नलच्या परदेशातल्या एका प्रमुखाने अत्यंत सभ्य उत्तर दिलं. एका पंपासाठी सगळ्यांनी हे ओझं किती काळ वाहायचं? नव्या कर्नलवर ते तपासून देणार कोण? तिने लिहिलं, मी देईन. हे वाचून ऋषिकेशने तिला ऑफिसात बोलावून घेतलं.

"कोणाच्या वेळात देशील?" तो म्हणाला. "आणि वापरकर्ता कोण, सांग बरं. त्या खाण कंपनीचं उत्तर आलंय. शेजारची खाणही बंद झाली त्यांची, आता पंपाची गरज नाही. त्यांची काही हरकत नाही."

"तिथं माणूस आहे ऋषिकेश. तो रोज चालवतो."

"तो चौकीदार आहे. मशीन त्याची नाही."

तिच्या तोंडाशी आलं होतं. खाली आहेत ते वापरतात. पण ऑफिसातल्या थंड हवेत, काचेच्या त्या खोलीत, हे वाक्य उच्चारता येण्यासारखं नव्हतं.

कोड काढायचा मजकूर तिनेच तयार केला. असा कोड काढताना वर दोन ओळींचं कारण द्यायची पद्धत आहे, आणि त्यात ठरलेलं वाक्य असतं. या हार्डवेअरचा कोणीही वापरकर्ता उरलेला नाही. ते वाक्य तिने लिहिलं नाही. ऋषिकेशने तपासताना घातलं. तिने पाहिलं, आणि राहू दिलं. दुसऱ्या दिवशी कोड निघाला. यादीवरच्या लोकांनी अभिनंदन केलं. एवढ्या ओळी कमी झाल्या म्हणून कोणीतरी हसरा चेहरा टाकला.

आता खाण कंपनीला पंप बंद करायचं कारण सापडलं. पंपाच्या परवान्याला चालू सॉफ्टवेअरचा आधार लागत होता, आणि आधार तर संपलाच होता. जून लागायच्या आत वामनरावांचा फोन आला. ते जास्त बोलले नाहीत. "बंद केलं त्याहीनं," एवढंच म्हणाले.

ती पोचली तेव्हा दुपार कलली होती. पेटी भिंतीवरून उतरवून नेली होती, वायरी कापलेल्या लोंबत होत्या. वामनराव पाइपाला कान लावून बसले होते. सिंधूताई दुसऱ्या बाजूने. म्हातारीने नंदिनीला हाताने जवळ बोलावलं, आणि तीही उकिडवी बसून लोखंडाला कान लावून ऐकू लागली. बाहेर अंग भाजत होतं, पाइप मात्र माठासारखा गार होता.

खाली ठोके चालू होते. पण आता ते एकाचे नव्हते. पुष्कळ हात होते. घाईचे, एकावर एक पडणारे, कसलंच अंतर न उरलेले. कोणी जोरात, कोणी नुसतं नखाने खरवडल्यासारखं. वेळ सांगणारं काही राहिलं नव्हतं म्हणून ते सगळे एकदमच विचारत होते.

"पाणी चढून राहिलं," वामनराव म्हणाले.

सिंधूताई चमच्याने वाजवत राहिली. "हाव बाबू... हाव... आहो आमी इथं..."

हळूहळू ठोके विरळ झाले. खोलवरचे आधी थांबले, मग वरचे. शेवटी एकच राहिला. तो बराच वेळ टिकला. मग पाइपात पाणी वर सरकत असल्याचा बारीकसा गळगळ आवाज आला, आणि त्यानंतर लोखंड नुसतं लोखंड झालं.

कोणी रडलं नाही. वामनरावांनी कान काढला. कानावर पाइपाचा गंज लागला होता.

"दुसऱ्यांदा गेला," ते म्हणाले. मग तिच्याकडे न पाहता, "पानी पेऊन निघा बाई. ऊन लई आहे."

तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती तिकडे गेली नाही. एकदा फोन लावला, तो नंबर बंद होता. पाऊस सुरू झाला, कर्नलची नवी आवृत्ती बाहेर पडली, आणि तिच्या टेबलावर तपासणीसाठी अगदी नवं यंत्र आलं. त्यात तिच्या जुन्या चिपेचा मागमूस नव्हता. कोडही नव्हता.

एका सकाळी, ऊन खोलीत आलेलं असताना, त्या नव्या यंत्राच्या पडद्यावर एक ओळ उमटली. नंदिनीला ती ओळ पाठ होती, कर्नलवाल्यांना सगळ्यांनाच असते. कुठून तरी इंटरप्ट येतो, पण त्याला उत्तर देणारा कोड कुठेच नसतो, तेव्हा कर्नल ती छापतं. इंग्रजीत दोनच शब्द असतात. नोबडी केअर्ड. कोणीही दखल घेतली नाही. आणि मग नियमाप्रमाणे कर्नल ती वाट कायमची बंद करून टाकतं.

ही टोचणी ज्या वाटेने आली होती, त्या वाटेला बाहेर काहीच जोडलेलं नव्हतं. नंदिनीने यंत्राची वायर काढून सगळं तपासलं. काही सापडलं नाही. पुन्हा चालू केलं. थोड्या वेळाने दुसरीच वाट बंद झाली. मग तिसरी. आत येऊ पाहणारं जे काही होतं, ते एकेक दार चाचपत होतं.

तिने यादी उघडली. तिथे कोणा फिनलंडच्या माणसाने विचारलं होतं, नव्या आवृत्तीपासून विनाकारण इंटरप्ट येतायत, हे आणखी कोणाला दिसतंय का? खाली ब्राझीलचा एक जण, मला दिसतंय. तैवानची एक बाई, मलाही, आणि त्यांचं अंतर रोज कमी होतंय.

कुठून येतायत, हे शेवटी कोणीतरी विचारलं होतं. नंदिनीने उत्तराची चौकट उघडली. बाहेर भाजीवाल्याची हाक आली, गेली. मग तिने चौकट मिटली, आणि टेबलावरचं यंत्र बंद करायला हात पुढे केला. त्याचा पत्रा हिवासारखा गार लागला, आणि बोटांना ओल लागली. तिने बोटं उजेडात धरून पाहिली.

पाणी होतं. कोळशाने काळं झालेलं.