मास्तरांचा गुडघा

टेलरताईने अर्धा शिवलेला फ्रॉक मशीनवर तसाच टाकला, लेकीला शेजारच्या मावशींकडे बसवलं आणि ती पंधराव्या क्लासला निघाली. पस्तिशी उलटल्यावर गाडी शिकायचं हे काय खूळ, असं लोक म्हणत. म्हणोत बापडे. तिची सहा वर्षांची छकुली दम्याची, नवरा सहा-सहा महिने जहाजावर. मागच्या थंडीत पोरगी श्वासासाठी तडफडत होती आणि दवाखान्यात न्यायला पाऊण तास एक वाहन मिळेना. नवऱ्याची गाडी मात्र दाराशी ताडपत्रीखाली मजेत उभी होती. ते ताई विसरली नव्हती.

शिकवणारे मास्तर म्हातारे होते. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा मास्तरांच्या. उजवा गुडघा दुखरा म्हणून ते त्याला सतत निलगिरीचं तेल चोळत, आणि ब्रेक दाबला की तो गुडघा वाजे. कट्! ताई शिकायला आल्यापासून तो फारच वाजू लागला होता. त्याला कारण तिची मशीन. वीस वर्षं ती मोटरच्या मशीनवर शिवत होती आणि तिथे थांबायचं म्हणजे पाय उचलायचा. रस्त्यात कुणी आडवं आलं, की ताईचा पाय ब्रेकवर जायच्याऐवजी वर! गाडी आपली पुढेच.

"मास्तर, अजून किती क्लास लागतील हो?" ती रडकुंडीला येऊन विचारी.

"वीसचा नियम शाळेचा, ताई. माझा नियम गुडघ्याचा. हा ज्या दिवशी वाजणार नाही, त्या दिवशी परीक्षा द्या."

चौदाव्या क्लासनंतरच्या रविवारी मास्तर झोपेतच गेले.

म्हणून आज शेजारी त्यांची लेक बसली होती. सीटवर चक्क मांडी घालून; तिची ती लहानपणापासूनची सवय. "चला ताई, बिनधास्त चालवा," ती म्हणाली.

आभाळ गच्च भरलं होतं. गोदामांमागच्या अरुंद रस्त्यावर भर दुपारी दिवेलागणीसारखं वाटत होतं, आणि पानही हलत नव्हतं. वळणावर एकाएकी सायकल समोर आली. ताईचा पाय उचलला गेला...

कट्.

गाडी जागच्या जागी थांबली. सायकलवाला दोन शिव्या हासडून निघून गेला.

"वा! ब्रेक काय छान दाबलात!" लेक म्हणाली.

ताईचा पाय अजून अधांतरीच होता. तिने मान न वळवता शेजारी खाली पाहिलं. लेकीची मांडी सुटली नव्हती. मास्तरांचं पेडल मात्र तळापर्यंत दाबलेलं होतं. मग ते सावकाश वर आलं... कुणी पाय अलगद काढून घ्यावा तसं. गाडीत निलगिरीचा वास भरला.

"तुम्ही... तेल लावलंय का काही?"

"मी? नाही बुवा. का हो?"

पुढच्या प्रत्येक क्लासला तेच झालं. कधी तीनदा, कधी दोनदा. विसावा क्लास संपला तशी लेक म्हणाली, "सोमवारी परीक्षा देऊन टाका."

ताईला मोह झाला, खोटं कशाला बोला! याच गाडीत परीक्षा. मास्तर सांभाळून घेतील, लायसन्स हातात पडेल. पण घरच्या गाडीला दुसरा ब्रेक नव्हता, आणि तिथे शेजारी छकुली बसणार होती.

"मला अजून क्लास हवेत."

"अहो, इतकी सुरेख चालवता! नाही जमत असं कोण म्हणालं?"

"मास्तर," ताई म्हणाली.

लेकीने चमकून तिच्याकडे पाहिलं. मग ती खाली, त्या पेडलकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बरं... उद्या या."

ताईने मशीनखाली एक लाकडी ठोकळा ठेवला. शिवताना थांबायचं झालं, की पाय उचलून तो ठोकळ्यावर दाबायचा. शेकडो वेळा! मावशी हसून हसून बेजार झाल्या. एकतिसाव्या क्लासला एका फाटकातून चेंडू रस्त्यावर आला, आणि ताईला कळायच्या आत तिचा पाय खाली गेला. गाडी थांबली. शेजारचं पेडल हललं नव्हतं, आवाज नव्हता. ताई स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देऊन रडली.

परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली.

थंडी आली तशी एका संध्याकाळी छकुलीची छाती भरून आली. या वेळी ताईने कुणाचं दार ठोठावलं नाही. बारा मिनिटांत दवाखाना! औषधाची वाफ घेऊन पोरगी मोकळा श्वास घेऊ लागली, आणि परतताना पुढच्या सीटवर पट्ट्यात गाढ झोपली. त्या श्वासाचा आवाज ऐकत ताई सावकाश गाडी चालवत होती.

अचानक एक कुत्रं आडवं धावलं. ताईने ब्रेक दाबला. गाडी थांबली, कुत्रं सुखरूप गेलं. जमलं की गं, असं ती मनात म्हणतेय तोच...

कट्.

या वेळी तिच्या पायानंतर.

ताईने शेजारी पाहिलं. छकुली झोपेतच होती. एरवी तिचे पाय सीटवरून लोंबकळत, खाली कधी टेकत नसत. आता तिचा उजवा पाय ताठ होऊन पार खाली टेकला होता आणि जिथे ब्रेक नव्हताच, तिथे घट्ट रोवला होता. मग तो सावकाश वर आला.