टाकं भरलेलं, हौद कोरडा

"बापू, ही बोर आपण मघाशीच बघितली."

"बोरी सगळ्या सारख्याच दिसतात," बापू म्हणाले.

"हिच्या काट्याला तुमच्या शर्टाची चिंधी लटकलीय."

धोंडीरामबापूंनी बोरीकडं पाहिलं, मग स्वतःच्या फाटक्या बाहीकडं पाहिलं आणि काहीच न घडल्यासारखे पुढं चालू लागले. शिवकन्येनं कपाळावर हात मारला. सातवीची परीक्षा संपली होती, सुट्टी लागली होती, डोंगर चढायला मिळाला होता. पण सोबत वडील, म्हणजे बापू होते आणि बापूंना शॉर्टकट माहीत होता.

काम तसं सरळ होतं. बालाघाटाच्या माथ्यावर एक झरा. झऱ्याखाली दगडी टाकं. टाक्यातून काळा पाइप निघायचा आणि डोंगर उतरून खडकवाडीच्या हौदात पाणी आणून सोडायचा. हे सांभाळायला गावानं सहकारी पाणीसंस्था काढली होती. चेअरमन सुंदरराव, सेक्रेटरी धोंडीरामबापू. यंदाच्या दुष्काळात विहिरी आटल्या, पण झरा टिकला. आणि गेल्या आठवड्यात हौदात पडणारी धार एकाएकी थांबली.

संस्थेनं तातडीची बैठक घेतली. वर जाऊन बघायला कुणी तयार नव्हतं, ऊन फार होतं. म्हणून बसल्या जागीच ठरलं की पाइप मेंढरंवाल्या आश्रुबानं फोडला असणार, कारण त्याची मेंढरं वर चरतात. आज संध्याकाळी ठराव व्हायचा होता : आश्रुबानं बिऱ्हाड उचलून गावच्या शिवारातून निघून जावं.

आश्रुबाचा नातू सिदू शिवकन्येच्या वर्गात होता. आज्जा गेला की सिदू जाणार, आणि सिदूची शाळाही जाणार. "एकदा डोळ्यांनी बघून तरी या," असं म्हणत शिवकन्येनं बापूंचं डोकं इतकं खाल्लं, की शेवटी ते 'स्थळपाहणी'ला निघाले.

"पाइपाच्या कडेनं आलो असतो तर एव्हाना पोचलो असतो," ती म्हणाली.

"पाइपाला डोकं नसतं. माणसानं डोकं वापरून चालायचं."

डोकं वापरून दोघं एका कड्यावर आले. बापूंनी कमरेवर हात ठेवला आणि खालच्या घरांकडं बोट दाखवलं. "ते बघ तेलगाव. किती पल्ला मारला आपण."

"बापू, त्या तेलगावात आपल्या घरावरची पिवळी ताडपत्री हाय. अन् आई वाळवणावरच्या कोंबड्या हाकलतीय."

"तेलगावातबी कोंबड्या असतात," बापू म्हणाले. पण आवाज जरा पडला होता.

मग त्यांना सुंदररावांना फोन करून प्रगती कळवावीशी वाटली. रेंज मिळावी म्हणून ते दगडावर चढले आणि चढण्याआधी भाकरीचं फडकं खाली ठेवलं. ते फडकं एका वानरानं शांतपणे उचललं.

"ए, ठेव ते. सेक्रेटरीची भाकर हाय ती," बापूंनी दरडावलं.

वानरानं गाठ सोडली, भाकरी घेतली, ठेचा तेवढा हुंगून परत टाकला.

शिवकन्येचा संयम तिथंच संपला. "मी पाइपाच्या कडेनं चालले. तुमाला यायचं तर या."

"मी तेच म्हणणार होतो," म्हणत बापू मागं आले.

चढता चढता ती दगडानं पाइप ठोकून बघत होती. प्रत्येक ठिकाणी पोकळ आवाज. कुठं चीर नाही, कुठं ओल नाही.

"कुठंच फुटलेला न्हाई, बापू."

"वर फोडला आसंल."

बरंच वर गेल्यावर ती म्हणाली, "हितंबी न्हाई."

"अजून वर."

असं करत माथा आला आणि दोघं जागच्या जागी थांबले. टाकं काठोकाठ भरलेलं होतं. पलीकडच्या काठावरून पाणी सांडून उतारानं चाललं होतं. तिथं मेंढरं पाणी पीत होती आणि सिदू काठी आडवी धरून सावलीत बसला होता.

"सापडला चोर," बापू म्हणाले.

सिदू जागचा हलला नाही. "काका, पाइप तुमीच बंद केला, अन् वर आमालाच चोर म्हणता व्हय? पाणी वाया चाललंय, ते मेंढरं पितेत."

"आमी कावून बंद करू आमचंच पाणी?"

"मला काय ठाव? आज्जा म्हणला, संस्थेनं आपल्यावर बोट दाखवायला केलंय. तवापासून रुसलाय तो. गावातल्या कुणाशी बोलायचं न्हाई म्हणला."

खाली सुंदरराव फुगून बसलेत, वर आश्रुबा रुसून बसलाय, आणि एकाही माणसानं टाक्यात हात घालून बघितलेलं नाही. शिवकन्येला एकदम रडावंसं वाटलं. रडण्याऐवजी तिनं सलवार गुडघ्यावर दुमडली.

"टाकं भरलेलं हाय. पाइप धड हाय, पण रिकामा. म्हंजी अडलंय ते पाइपाच्या तोंडाशी."

"थांब," बापू पुढं सरसावले. "हे जबाबदार माणसाचं काम हाय." त्यांनी काठावरच्या शेवाळावर जबाबदारीनं पाय ठेवला आणि सरळ टाक्यात जाऊन बसले. मेंढरं चौफेर उधळली. सिदू हसत हसत त्यांच्यामागं पळाला आणि त्यांना वळवून आणता आणता त्याचं हसू संपलं.

शिवकन्या कमरेएवढ्या पाण्यात उतरली. तळाशी चाचपडल्यावर पाइपाच्या तोंडात गच्च बसलेलं एक गाठोडं हाताला लागलं. ते निघेना. सिदूही उतरला. दोघांनी मिळून ओढलं, तेव्हा गळ्ळकन आवाज झाला आणि पाणी पाइपात घुसलं.

हातात आला तो हिरवा खण. जरीच्या काठाचा. आत नारळ, हळकुंड आणि फुगून टम्म झालेले गहू.

"ही तर ओटी," शिवकन्या म्हणाली.

बापूंना टाक्यात बसल्या जागी सगळं आठवलं. गेल्या आठवड्यात इथं जलपूजन झालं होतं. चेअरमनच्या मंडळी, मुक्ताबाई, रीतीप्रमाणे ओटी काठावर ठेवायला निघाल्या होत्या. फोटो काढणाऱ्या बापूंनीच सांगितलं होतं, "काठावर नको वहिनी, पाण्यात सोडा. पेपरात झकास दिसंल." ओटी तरंगली नाही, बुडाली. पाइपाच्या तोंडाला जाळी बसवायचा ठराव झालेला होता, जाळी तेवढी राहिली होती. आणि पूजेनं पाणी थांबेल, हे कुणाच्या मनात येणार?

बापूंनी दगडावर वाळत ठेवलेला फोन थोड्या वेळानं चक्क वाजला. सुंदररावांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "धोंडीराम, पाणी आलं बघ. सकाळीच आश्रुबाला दम भरला होता, घाबरला गडी. आता तर ठराव पक्का."

"हां... हां साहेब... बरं," बापू म्हणाले आणि फोन बंद केला.

"सांगितलं कावून न्हाई?" शिवकन्येनं विचारलं.

"खाली गेल्यावर बघू. पाइपात पाला अडकला म्हणू."

"मग म्हणतील, पाला आश्रुबानं कोंबला."

बापू शर्ट पिळत राहिले. सिदू हळूच म्हणाला, "आज्जानं घोड्यावर सामान लादायला घेतलंय."

खण हातात घेऊन शिवकन्या पुढं, बापू मागं, सिदू आणि मेंढरं त्याच्याही मागं, असा सगळा लवाजमा डोंगर उतरला.

हौदाजवळ गाव जमलं होतं. धार जोरात पडत होती आणि सुंदरराव तिच्याहून जोरात बोलत होते. शिवकन्या गर्दीतून सरळ मुक्ताबाईंकडं गेली.

"काकू, तुमचा खण."

"अगं बाई, हा कुठं गवसला?"

"पाइपाच्या तोंडात. नारळासकट."

सुंदररावांचं भाषण अडलं. "ओटी पाण्यात? कुणाची ही अक्कल?"

मुक्ताबाईंनी बापूंकडं पाहिलं. शिवकन्येनंही पाहिलं. बापूंनी खाकरून घसा साफ केला. दुसऱ्यांदा खाकरले. मग म्हणाले, "माझी, साहेब. फोटोपायी मीच सोडायला लावली. आश्रुबाचा काडीचा संबंध न्हाई. अन् हे शोधलं ते माझ्या पोरीनं. मी निस्ता पडलो."

गावात खसखस पिकली. शिवकन्येचा दिवसभराचा राग तिथंच विरघळला.

"आता ठराव..." सुंदरराव चाचरले.

"ठराव ऱ्हाऊ द्या," मुक्ताबाई म्हणाल्या. "आश्रुबाला बोलवायला तुमीच जा."

सुंदरराव गेले. आश्रुबा आला, पण तोंड फुगवूनच. मेंढरं हौदावर तुटून पडली. सुंदररावांनी शिवकन्येच्या पाठीवर थाप मारली, मुलांचा सत्कार जाहीर केला, आश्रुबाला चहा देऊ केला. तो चहा प्यायला, पण बोलला नाही. कप खाली ठेवून तो शिवकन्येकडं वळला आणि तिला न्याहाळत राहिला.

"तू ह्याच्याच वर्गात ना ग? मग आठवीत ह्याला गणित शिकीव. लई कच्चा हाय."

सिदूनं मान खाली घातली. "आज्जा," तो पुटपुटला, "त्यापरीस गेलो असतो तर बरं झालं असतं."