गिटारवरचे दोन डाग

खट्ट! खट्ट!

दुपारच्या सामसुमीत पेटीच्या दोन कड्या लागल्या आणि पत्त्यांचा डाव टाकून तिघंही मुलं ताडकन उठली. आजोबांच्या गिटारची पेटी दिवसाउजेडी कधी म्हणजे कधीच बंद नसायची!

"विकतोय," आजोबा खिडकीकडे बघत म्हणाले. "संध्याकाळी एक जण बघायला येतोय."

"काऽय?" बटाट्या ओरडला. बटाट्या म्हणजे तिघांत थोरल्या ताईचा धाकटा भाऊ, नावाला साजेसा गोल. "तुम्हीच म्हणायचात ना, आधी मला विका, मग हिला!"

आजोबा हसले नाहीत. "कान गेले रे माझे. बोटं वर सरकली की सगळं बेसूर ऐकू येतं. तुझ्या मामाने सूर जुळवायचं यंत्र लावून तपासलं, प्रत्येक तारेला हिरवा दिवा! म्हणजे गिटार बरोबर, चुकतोय तो मी."

ते फिरायला निघाले. "आजोबा! आजोऽबा! आजोबाऽऽ!" मामाची लेक पिटुकली हिने हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला ते वळले. "चपला उलट्या घातल्यात!"

दार लागलं. ताई पेटीजवळ जाऊन बसली. ती गिटार म्हणजे आजोबांचं अख्खं तरुणपण होतं. व्हायोलिनसारखी फुगीर, आतून पोकळ, दोन बाजूंना वळणदार फटी, आणि तरी विजेवर वाजणारी! नाचाच्या बँडमध्ये आजोबांनी ती वाजवायला घेतली की म्हणे खुर्च्या रिकाम्या व्हायच्या.

"खरं सांगू?" ताई कुजबुजली. "काल मलाही बेसूर वाटलं. म्हटलं, आपल्याला काय कळतंय!"

"दोघांचे कान एकदम गेले?" बटाट्याने डोळे वटारले. "सर्दी आहे का ती, साथीने पसरायला?"

ताईने चटकन त्याच्याकडे पाहिलं. बटाट्या कधी कधी चुकून शहाण्यासारखं बोलतो!

तिने पेटी उघडली. गिटार आरशासारखी चकाकत होती. मामाने परवाच 'बाबांना सरप्राइज' म्हणून ती पुसून ठेवली होती.

"शी! नीट कुठे पुसलीय?" पिटुकलीने नाक मुरडलं. "इथे डाग आहेत!"

तारांना उचलून धरणाऱ्या लाकडी घोडीच्या मागे, बोटभर अंतरावर, दोन गडद डाग होते. ताईने बोटाने घासून पाहिलं. निघेनात.

"हे तर आपल्या भिंतीसारखं!" बटाट्या म्हणाला. "कॅलेंडर काढलं की खाली जुना रंग तसाच्या तसा!"

ताईने डागांकडे पाहिलं, मग घोडीच्या दोन पायांकडे. तोच आकार! तीच लांबी!

"चला, मामाला बोलतं करू," ती म्हणाली.

मामा स्वयंपाकघरात चहा गाळत होता. "मामा, गिटार कसली लखलखतेय रे! तारांखालची धूळ कशी काढलीस?"

मामा फुलला. "डोकं लागतं, राणी! सगळ्या तारा काढल्या, घोडी उचलली, पुसली, परत ठेवली. हाय काय नाय काय!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आजोबा एका वेळी एकच तार बदलायचे. एक काढायची, नवी लावायची, मगच दुसरीला हात! आज ताईला त्याचं कारण कळलं. घोडी चिकटवलेली नव्हतीच! ती नुसत्या तारांच्या दाबाने उभी होती. घोडी परत डागांवर न्यायला तिघं गिटारकडे धावली.

"मोडली तर?" बटाट्याचा आवाज चिरकला.

 पण ताईने तारा थोड्या सैल केल्या आणि घोडी केसाकेसाने मागे सरकवली. डाग झाकले गेले. मग यंत्र लावून एकेक तार पुन्हा जुळवली. तेवढ्यात बेल वाजली!

आजोबांसोबत गिटार बघायला येणारे गृहस्थ आत आले, पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेले. तेही जुने वादक होते. घरी असल्याच गिटारी बाळगून होते.

"आजोबा, देण्याआधी एकदाच वाजवा ना! अगदी वरपर्यंत!" ताईने हात जोडले.

आजोबांनी नाइलाजाने वायर जोडली. बोटं खाली फिरली, मग भीतभीत वर सरकली. आणखी वर... आणि आजोबांनी डोळे मिटून घेतले. अख्खी खोली मधाने भरल्यासारखी झाली!

"अहो, कान कुठे गेलेत तुमचे?" पाहुणे म्हणाले. "सूर तर चोख आहे!"

मग सगळी हकिगत बाहेर आली. पाहुणे खो खो हसले. "घोडी सरकली तरी बोट न दाबलेल्या मोकळ्या तारा यंत्रावर जुळतात, पण वरचे सूर फसतात. काका, दगा तुमच्या कानांनी नाही दिला, तुमच्या चिरंजीवांनी दिला! मी चाललो. ही गिटार मला नको, हे हेर मात्र द्या!"

"बाबा, माफ करा," मामाने कान पकडले. "मी हिरवा दिवा बघत बसलो. पोरांनी गिटार बघितली."

"कान शाबूत होते माझे. विश्वासच ठेवला नाही त्यांच्यावर!" म्हणत आजोबांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा वाजवायला घेतलं. पेटी उघडीच राहिली.

पिटुकली ताईला बिलगली. थोडा वेळ तिने ऐकलं, मग हळूच विचारलं,

"ताई, आजोबांचे कान चांगले आहेत, तर मग माझी पहिली हाक त्यांना का ऐकू येत नाही?"